रेशनच्या काट्यावर

मे 2020 मध्ये वाशीचं मार्केट काही दिवस पूर्ण बंद झालं आणि पप्पांनी गावी जायचं ठरवलं. पप्पा दाणा मार्केटमध्ये माथाडी आहेत. आमचं घर कोपरखैरण्याला, गाव पाटण तालुक्यातल्या ढेबेवाडी खोऱ्यात. कोपरखैरणे-घणसोलीत आमच्या बाजूची माणसं बरीच. माथाडींची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटीलही आमच्याच तालुक्यातले. पास काढून, टेम्पो ठरवून आम्ही गावात पोचलो ते थेट जिल्हा परिषदेच्या शाळेत उतरलो. मुंबईहून आलेल्यांना तेव्हा चौदा दिवस तिथंच राहावं लागायचं. बाक एका भिंतीला लावून आई, पप्पा आणि मी फरशीवर अंथरुणं टाकली.

शाळेच्या मागच्या पटांगणात पहाटे गावातली पोरं पळायला यायची. संचारबंदीमुळे रस्त्यावर पळायची सोय नव्हती. पाच-सहा जण होते, सगळे सतरा ते वीस वयाचे. त्यांना गावात ‘भरतीची पोरं’ म्हणतात. सातारा जिल्ह्यात हे काही नवीन नाही. अपशिंग्याच्या तर नावातच ‘मिलिटरी’ आहे, आणि आमच्या लहानशा गावातही माजी सैनिकांची घरं दोन हातांच्या बोटांवर मावत नाहीत. खिडकीच्या गजांना धरून मी त्यांचे राऊंड मोजायचो. मला फौजेत जायचं होतं, शाळेत एनसीसीला होतो तेव्हापासून. पण नववी-दहावीनंतर वजन वाढत गेलं आणि ही गोष्ट मी कुणाला सांगायचीच बंद केली. जाड मुलानं ‘मला सैनिक व्हायचंय’ असं म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते मी दोनतीनदा पाहिलं होतं.

पोरांना पळवायचे ते माझे चुलत आजोबा. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गाव त्यांना ‘मेजर’ म्हणतं, आम्ही ‘आबा’. एकदा ते खिडकीपासून लांब उभं राहून माझ्याशी बोलले.

“रोज बघतोयस. पळायचंय का?”

“पळायचंय.”

“वय?”

“वीस पूर्ण.”

“उंची?”

“एकशे एकाहत्तर.”

“वजन?”

मी सांगितलं. एक्क्याण्णव.

आबा जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “वय तुझ्या हातात न्हाई, उंची तुझ्या हातात न्हाई. त्या दोन्हीत तू बसतोस. राह्यलं वजन. तेवढंच एक माणसाच्या हातात असतंय.”

आज सहा वर्षं होत आली, पण या एका वाक्याचे उपकार माझ्यावर आहेत. तोवर वजन हा माझा स्वभाव आहे, असं मी धरून चाललो होतो. आबांनी तो नुसता एक आकडा करून टाकला. आमच्या भागातल्या उमेदवाराला जनरल ड्यूटीसाठी 168 सेंमी उंची लागायची, छाती 77 सेंमी आणि फुगवून 5 सेंमी वाढायला हवी. वजन उंची-वयाच्या प्रमाणात. माझ्या उंचीला, विशीनंतर, ते साधारण 67 किलोच्या आत यायला हवं होतं. म्हणजे चोवीस किलो.

शाळेतून घरी गेल्यावर मी दुसऱ्याच पहाटे बूट घालून पटांगणात हजर झालो. आबांनी मला पळू दिलं नाही. “तू चालायचंस. ऐंशीच्या खाली येईपर्यंत पळायचं नाव काढायचं न्हाई.” मला ते लागलं. बाकीची पोरं पळताहेत आणि मी म्हातारबाबांसोबत चालतोय. पण आबांनी फौजेत आणि फौजेबाहेर पोरांच्या नडग्या बघितल्या होत्या. जड अंगानं एकदम पळायला लागलं की नडगीच्या आतल्या बाजूनं दुखणं सुरू होतं. तरी रेटत राहिलं तर हाडाला बारीक चीर जाते, आणि मग महिनेच्या महिने खाटेवर. ढेबेवाडीच्या डॉक्टरांनीही नंतर मला हेच सांगितलं: शरीराचं वजन एक किलोनं उतरलं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार त्याच्या कितीतरी पट उतरतो. तेव्हा आधी उतरवायचं, मग पळायचं.

मी चालायला लागलो. पहाटे धरणाकडच्या मातीच्या रस्त्यानं, संध्याकाळी गावावरच्या टेकाडाला. पहिल्या आठवड्यात मांड्या घासून सोलवटल्या. याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. जाड मुलगा चालणं सोडतो ते दमल्यामुळे कमी आणि या आगीमुळे जास्त. अंघोळीचं पाणी लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. आईनं काही न विचारता खोबरेल तेलाची बाटली माझ्या अंथरुणाशी ठेवली आणि आतून घालायला मांडीपर्यंत येणारी, घट्ट सुती चड्डी शिवून दिली. त्यानंतर ते थांबलं.

खरं काम मात्र स्वयंपाकघरात झालं. मुंबईत आमचं खाणं पप्पांच्या कामाप्रमाणे चालायचं. सकाळी चहा-खारी, कॉलेजात वडापाव, दुपारी भात, संध्याकाळी पुन्हा चहा आणि फरसाण, पप्पा आले की रात्री साडेदहाला जेवण, त्यात परत भात. पप्पांना ते पचायचं, कारण ते दिवसभर पन्नास-पन्नास किलोची पोती पाठीवरून वाहत होते. मी तेच जेवून मोबाइल बघत बसायचो. हिशेब आबांनी मांडला नाही, तो मी मांडला. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. मी दिवसाला सहा कप चहा घ्यायचो, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे साठेक ग्रॅम. त्याच्या 240 कॅलरी. नुसती चहातली साखर सोडली तर महिन्याभरात जवळजवळ एक किलो! मी वही काढली आणि दिवसभराचं सगळं लिहून काढलं. कुठलं चूर्ण, कुठला डबा, कुठलं सकाळचं कोमट पाणी यांचा त्या वहीत काही उपयोग नव्हता.

बदल साधाच होता. दुपारी दीड भाकरी, मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ वाटीभर, पालेभाजी, कांदा आणि ताक. भात दुपारीच आणि मुठीएवढा. सकाळी दोन उकडलेली अंडी. संध्याकाळी भिजवलेले शेंगदाणे, तेही मोजून, कारण शेंगदाणा चांगला असला तरी तेलाचा असतो. रात्रीचं जेवण साडेसातला. चहा दोन वेळा, बिनसाखरेचा. पोट रिकामं ठेवायचं नाही, हा आबांचा दंडक. “उपाशी माणूस पळतोय कसा? मटण खा, अंडी खा, डाळ खा. मांस ऱ्हायलं पायजे, चरबी गेली पायजे.”

आज्जीला हे अजिबात मान्य नव्हतं. मुंबईचा नातू कधी नव्हे तो महिनोन् महिने घरी राहिला होता, आणि तिच्या ताटातलं तूप नाकारत होता. “पोराला उपाशी मारताय,” असं ती आबांना वाटेत अडवून बोलली. तिच्या एकादशीला घरात साबुदाण्याची खिचडी व्हायची, मला ती फार आवडायची. पण साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट आणि तूप मिळून उपवासाच्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्तच पोटात जायचं. मी खिचडी नको म्हणालो तेव्हा ती खरंच रडली. मग आईनं एक युक्ती केली. कडधान्यांना मोड आणायचं काम तिनं आज्जीकडे दिलं. मटकी किती तास भिजवायची, कुठल्या फडक्यात बांधायची, पावसाळ्यात चुलीच्या किती जवळ ठेवायची, हे सगळं आज्जीच्या ताब्यात गेलं. महिन्याभरात ती शेजारणींना सांगू लागली, “आमचा भरतीला चाललाय, त्याला माझीच मटकी लागती.”

वजन करायला गावात एकच खात्रीची जागा होती, सोसायटीच्या रेशन दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा. आबांनी महिन्यातून एकदाच वजन करायची परवानगी दिली होती. धान्य आलेलं असायचं, रांग लागलेली असायची, आणि दुकानदार काका पोतं बाजूला सारून मला काट्यावर उभं करायचे. आकडा ते मोठ्यांदा वाचायचे, तांदळाचा वाचावा तसाच. पहिल्या वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या रांगेतल्या बायका पुढच्या महिन्यापासून माझा आकडा लक्षात ठेवायला लागल्या. “मागल्या खेपंला शहाऐंशी हुता न्हवं?” असं एकीनं म्हटलं, आणि काटा त्र्याऐंशीवर थांबला तेव्हा रांगेतून ‘भले!’ असा आवाज आला.

गणपतीला पप्पा मुंबईहून आले. मार्केट सुरू झाल्यावर ते एकटेच परत गेले होते. आबांनी दोन आंब्यांच्या मध्ये लोखंडी पाइप बांधला होता, तो आमचा बीम. भरतीत बीमवर दहा पुल-अप काढले की 40 गुण, नऊला 33, आठला 27, सातला 21, सहाला 16. सहाच्या खाली बाहेर. माझा तोवर एकही निघत नव्हता. मी लटकायचो, हात थरथरायचे, सुटायचो. पप्पा बाजूला उभे राहून बघत होते. त्यांनी सदरा काढला आणि स्वतः पाइपला लटकले. पन्नाशीला आलेला माणूस, आयुष्यात कधी व्यायामशाळेत पाय ठेवला नाही. ते नुसते लटकून राहिले, शांतपणे, श्वास चालू ठेवून. पोरांनी मोबाइलवर वेळ लावली. भरतीच्या एकाही पोराला तेवढा वेळ लटकता आलं नाही.

खाली उतरून त्यांनी माझे हात हातात घेतले. “तू टोकाच्या बोटांनी धरतोस, म्हणून निसटतंय. आन् पार तळव्यात घेतलंस तर कातडं सोलतंय. बोटांच्या मुळाशी बसव. पोत्याचा कान असाच धरायचा असतो. वर जाताना श्वास सोड, कोंडू नको.” त्यांच्या हाताला बोटांच्या मुळाशी घट्ट्यांची एक सरळ ओळ आहे. ती मी लहानपणापासून बघत आलो होतो, पण ती तिथंच का आहे ते मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी स्टुलावर चढून हनुवटी पाइपच्या वर न्यायचो आणि स्वतःला हळूहळू खाली सोडायचो. वर जाता येत नसेल तर खाली येण्यातून ताकद कमवायची, ही आबांची पद्धत. दिवाळीत पहिला बीम निघाला. ज्या क्षणी हनुवटी लोखंडाच्या वर गेली, त्या क्षणी आंब्याच्या फांद्यांमधून आमच्या घराची कौलं दिसली. एवढ्या महिन्यांत तिथून ती मला कधी दिसली नव्हती.

मग एकोणऐंशीवर काटा अडला. दोन महिने तोच आकडा. खाणं तेच, चालणं तेच. याचं कारण साधं आहे: शरीर हलकं झालं की त्याला लागणारं इंधनही कमी होतं, आणि कालपर्यंत ज्यात वजन उतरत होतं त्यातच ते आता स्थिर राहतं. हे आज मी सहज लिहितोय. तेव्हा मात्र सगळं संपलं असं वाटायचं. त्या दिवसांत आई मला स्वाती महाडिक यांच्याबद्दल सांगत राहिली. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नीनं त्यानंतर फौजेत जायचं ठरवलं, चेन्नईच्या अकादमीतलं प्रशिक्षण पूर्ण केलं आणि 2017 मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. “दोन लेकरांची आई. तिशी उलटलेली. आपल्याहून निम्म्या वयाच्या पोरापोरींबरोबर पळली ती,” आई म्हणायची. तिला यातून मला काही शिकवायचं नव्हतं. तिला त्या बाईचं मनापासून कौतुक होतं, आणि ते ऐकताना मला बरं वाटायचं.

ऐंशीच्या खाली आल्यामुळे आबांनी आता पळायला सोडलं. आधी दोनशे मीटर पळायचं, दोनशे चालायचं. मातीवरच. मग चारशे-चारशे. सोळाशे मीटर न थांबता पहिल्यांदा पूर्ण केलं तेव्हा नऊ मिनिटांच्या वर लागली. भरतीत पहिल्या गटासाठी साडेपाच मिनिटं, त्याचे 60 गुण. त्यानंतर पावणेसहापर्यंत दुसरा गट, 48 गुण. त्यापुढे तेव्हा काहीच नव्हतं. साडेपाच मिनिटं म्हणजे चारशेचा प्रत्येक राऊंड ब्याऐंशी सेकंदांत. एक राऊंड ब्याऐंशीत कुणीही मारतो. दुसराही जमतो. सगळी भरती तिसऱ्या राऊंडला असते. पहिल्या दोनचा जोर संपलेला असतो आणि शेवटच्याची चाहूल लागलेली नसते. तिथं पाय आपोआप सैल पडतात, पळणाऱ्याला ते जाणवतही नाही. आबा घड्याळ घेऊन नेमके तिसऱ्या राऊंडच्या वळणावर उभे राहायचे आणि फक्त सेकंद सांगायचे. ‘शाब्बास’ नाही, ‘जोर लाव’ नाही. सेकंद. आठवड्यातून दोनदा चारशेचे तुकडे, मध्ये चालणं. एकदा लांबचं, सावकाश. एक दिवस पूर्ण विश्रांती. विश्रांतीचा दिवस मोडला तर आबा सरावाच्या दिवसापेक्षा जास्त चिडायचे.

अंगात फरक पडत होता ते वेगळ्याच ठिकाणी कळलं. मेडिकलला सरळ उभं करून गुडघे आणि घोटे बघतात. गुडघे एकमेकांना चिकटले आणि घोट्यांमध्ये जास्त अंतर राहिलं तर उमेदवार बाद. माझे घोटे जुळत नव्हते आणि माझ्या पायांत जन्माचाच दोष आहे असं मला वाटायचं. आबा म्हणायचे, मांड्या आड येताहेत, हाडात काही नाही. बहात्तर किलोला एकदा अंघोळ करताना सहज खाली बघितलं, तर घोटे जुळले होते.

2021 मध्ये भरती निघेल, निघेल म्हणत निघाली नाही. करोनामुळे सगळं थांबलेलं. देशात काही ठिकाणी पोरांनी मैदान आणि मेडिकल पार केलं होतं, त्यांची लेखी परीक्षा पुढे पुढे ढकलली जात होती आणि शेवटी ती झालीच नाही. आमच्या पटांगणातली दोन पोरं वयातून गेली. एक जण माझ्याहून चपळ होता, पाच-वीसला सोळाशे मारायचा. तो आता कराडला पार्सल पोचवण्याचं काम करतो. मला त्याच्याबद्दल आजही वाईट वाटतं. शरीर तयार, मन तयार, आणि तारीख निघून गेली.

त्याच वर्षी जुलैमध्ये अतिवृष्टी झाली. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून घरंच्या घरं गाडली गेली. आमच्या खोऱ्यातले रस्तेही ठिकठिकाणी तुटले. वरच्या वस्त्यांना पीठ, तेल, गोळ्या पोचवायच्या होत्या आणि गाडी जात नव्हती. आबांची पोरं पाठीवर घेऊन निघाली, मीही त्यात. चिखलातून, पाठीवर ओझं घेऊन, चढण. वर्षापूर्वी त्या चढाला मी मोकळ्या अंगानं बसत बसत गेलो होतो. त्या दिवशी वर पोचल्यावर एका म्हातारीनं माझ्या हातातली बीपीच्या गोळ्यांची पुडी घेतली आणि ‘कुणाचा रं तू?’ असं विचारलं. मी पप्पांचं नाव सांगितलं. भरती निघाली नसती तरी ते दोन दिवस मला पुरले असते, असं तेव्हा मनापासून वाटलं होतं.

14 जून 2022 ला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम. वयाची अट साडेसतरा ते एकवीस. मला बावीस पूर्ण झाली होती. दोनच दिवसांनी त्या एका वर्षापुरती अट तेवीस केली, आणि घरात दोन तट पडले. पप्पांचं म्हणणं, चार वर्षांनी पोरगं परत आलं तर करायचं काय? आबांनाही चार वर्षांची फौज पटत नव्हती. पलटणीत माणूस मुरायलाच तेवढी वर्षं लागतात, असं ते आजही म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण माझ्यापुढे निवड नव्हती. आता नाही तर कधीच नाही. मी अर्ज भरला.

आमचं मैदान त्या हिवाळ्यात कोल्हापूरला झालं. सातारा, सांगली, सोलापूर, कोकण, गोवा, सगळीकडची पोरं तिथंच येतात. त्या सुमारास जे पाहिलं ते सांगितलंच पाहिजे. शेजारच्या गावचा एक मुलगा एका ॲकॅडमीत होता. वजन दोन-तीन किलोनं जास्त भरत होतं. तिथं त्याला प्लॅस्टिकचं जॅकेट घालून पळवलं, पाणी तोडलं, लघवी होण्याच्या गोळ्या दिल्या. काट्यावर तो बसला. मैदानात तिसऱ्या राऊंडला त्याच्या पोटऱ्या आखडल्या आणि तो कोसळला. पाणी गेलं की वजन जातं, पण रक्तही घट्ट होतं, हृदयावर ताण येतो, स्नायूंत गोळे येतात. यात पोरं जिवानिशी जाऊ शकतात. फी घेऊन हे करणाऱ्यांची मला चीड येते. ज्या घरानं म्हैस विकून ती फी भरलेली असते, त्या घराला काट्यावरचा आकडा दाखवायचा आणि पोराचं शरीर मोडायचं. महिनाभर आधी आबांसारखा एक माणूस त्याला भेटला असता तर ते तीन किलो ताक-भाकरीवर उतरले असते.

मैदान रात्रीच सुरू होतं. आम्ही संध्याकाळीच पोचलो. रस्त्याकडेला पोरं चादरी अंथरून पडली होती, आणि कोल्हापूरची माणसं फिरून फिरून पुरी-भाजी वाटत होती. मी दोन पुऱ्या घेतल्या, आईनं दिलेली केळी खाल्ली, पाणी प्यालो. मध्यरात्रीनंतर रांग हलली. कागद, उंची, छातीवर नंबर. पळायला सोडलं तेव्हा थंडी होती आणि दिव्यांचा उजेड. सुरुवातीला सगळा घोळका सुसाट सुटला. मी मागे राहिलो, माझ्या ब्याऐंशीला धरून. तिसऱ्या राऊंडच्या वळणावर तिथं कुणी सेकंद सांगणारं नव्हतं, पण माझ्या कानांत आबांचा आकडा पडत होता. शेवटच्या राऊंडला पुढची पोरं मागे येऊ लागली. मी रेषा ओलांडली आणि माझ्यामागे काही जणांनंतर दोर आडवा आला. पहिला गट. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅगचा तोल यांना गुण नसतात, पार करावे लागतात, ते झाले. बीमला पाइप आमच्या पाइपापेक्षा जाड होता. बोटांच्या मुळाशी बसवला. दहा.

मेडिकलला काट्यावर 65 भरले. तो काटा कुणी मोठ्यांदा वाचला नाही, डॉक्टरांनी नुसता लिहून घेतला. कान, दात, तळपाय, घोटे. फिट. जानेवारी 2023 मध्ये लेखी झाली, मार्चमध्ये मी बेळगावात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात दाखल झालो. आबांचंच केंद्र. तिथं उलटं झालं, वजन वाढलं. दिवसभर कवायत, ओझं घेऊन पाच किलोमीटर, दोर, आणि लंगरात पोटभर डाळ, भात, चपाती, अंडी. सुट्टीवर आलो तेव्हा तीन-चार किलो जास्तच होतो, तरी पँट कमरेला सैल होती. आज्जीनं मला दारातच उभं करून खालून वर बघितलं आणि मग तूप वाढलं. मी खाल्लं.

सध्या आबांच्या पटांगणात माझी चुलत बहीण पळते. तिला मिलिटरी पोलिसात जायचंय. मुलींना सोळाशे मीटरला पहिल्या गटात यायला साडेसात मिनिटं असतात, आणि ती सात-चाळीसला आली आहे. तिची अडचण माझ्या उलट आहे. अंगावर मांस नाही, रक्त कमी, चौथ्या राऊंडला डोळ्यांपुढे अंधारी. आबांनी तिचं पळणं महिनाभर निम्म्यावर आणलं आणि ताट दुप्पट केलं. आज्जी आता तिच्यासाठी मटकी भिजवते, शिवाय हळीव आणि खजूर. आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या आहेत. त्या ती सकाळच्या चहाबरोबर घेत होती. चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घे आणि चहा दोन तासांनी पी, एवढं मी दर रविवारी फोनवर तिला बजावतो.